कारखानीसांचा कारखाना

"बाई, तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय न्हवं, त्यांचा कारखाना कुठाय वो? भोसरीला का चाकणला?"

अक्कांचं गावठाणातलं जुनं घर आणि आमची सोसायटी यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. पिंपळे गुरवातल्या बातम्या पेपराआधी या भिंतीवर येतात. भिंतीवर कुरडया वाळत होत्या, आणि विषय निघाला तो दारावरच्या पाटीचा.

"कसला कारखाना, अक्का? तो हिंजवडीला कंप्युटरवर बसतो. कारखानीस हे आडनाव आहे त्यांचं."

"आडनावात कारखाना अन् हातात काय बी न्हाय?" अक्कांचा चेहरा पडला. "म्या काल त्याच्या बायकूला म्हनलं, माज्या नातवाला चिकटवा कुठं तरी, आयटीआय झालाय. तर ती नुसती हसली. मला वाटलं, मोठ्याची मानसं, अशीच हसत्यात."

दळण घेऊन निघालेल्या लातूरच्या वहिनी थबकल्या. "माझे मिस्टर पण तेच म्हणले, मालक दिसतोय. मी म्हणलं, मालक कशाला आपल्या बिल्डिंगीत भाड्यानं येईल?"

वहिनींचं बरोबरच होतं. पण चूक अक्कांचीही नाही. 1954 साली पिंपरीत पेनिसिलीनची कंपनी आली, मग टेल्को, बजाज, एमआयडीसी. साठ-सत्तर वर्षं इथल्या माणसाला कारखाना म्हटलं की भोंगा, शिफ्ट आणि कँटीनच आठवणार. शिवाय इकडे आडनाव म्हणजे भावकी. पिंपळे गुरवात हाक मारली की चार जगताप वळून बघतात. सांगवीत ढोरे आणि शितोळे, पिंपळे सौदागरला काटे, थेरगावात बारणे, रावेतला भोंडवे, आकुर्डी-निगडीला काळभोर, भोसरीत लांडगे आणि गव्हाणे. पिंपरीचं तर पूर्ण नावच पिंपरी वाघेरे. आमच्याकडे गावांनासुद्धा आडनावं लागतात. नाहीतर गुरव, सौदागर आणि निलख या तीन पिंपळ्यांत पाहुणा दिवसभर फिरत राहील. अशा भरल्या गर्दीत एकुलता एक कारखानीस उठून दिसणारच.

"मग ह्ये आडनाव आलं कुठनं?" अक्कांनी कुरडई उलटवली. "तुमी इतिहास शिकवत व्हता ना? सांगा की."

शिक्षकाला निवृत्तीनंतर कुणी असं विचारलं की त्याला आवरणं कठीण.

"महाराजांच्या वेळी कारखाना म्हणजे यंत्रं नव्हेत, अक्का. कारखाना म्हणजे कोठार, खातं. राज्याचे अठरा कारखाने आणि बारा महाल असं म्हणायचे. धान्याचा अंबारखाना, हत्तींचा पीलखाना, तोफखाना, नगारखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना, दारूखाना..."

"दारूखाना?" वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"तोफेची दारू हो! अन् तंबू-जाजमांचा तो फरासखाना. पुण्यात त्या नावाची पोलीस चौकी अजून आहे. तर या सामानाचा, दाण्यागोट्याचा हिशोब जो लिहायचा तो कारखानीस. शेवटचा 'नीस' फारसीतला, लिहिणारा अशा अर्थाचा. चिटणीस चिठ्ठ्या लिहिणार, पारसनीस फारसी कागद बघणार. आणि फडणवीस."

"त्ये टीव्हीवर रोज असत्यात."

"तेच आडनाव. पण मजा सांगते, पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे भानू. बाळाजी जनार्दन भानू. हुद्दा इतका मोठा झाला की भानू मागं पडलं. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी, ते मूळचे चित्रे. कारखानीसांच्या घरातही खणलं तर खाली दुसरंच काही आडनाव निघेल."

"म्हंजे कामानं नाव खाल्लं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या सासरच्या एका घराला अजून 'टेल्कोवाले' म्हणतात. तो माणूस निवृत्त होऊन गावाकडे गेला तरी नाव सुटलं नाही, हे त्यांनीच मग सांगितलं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. भोरचे संस्थानिक शेवटपर्यंत पंतसचिवच राहिले. पण दरबारात शब्द बदलले म्हणून घराघरांतले थोडेच बदलतात! सबनीस, पोतनीस, टिपणीस, जमेनीस, हसबनीस, सगळे आपला फारसी शेपटा घेऊन आजच्या मतदारयादीत सुखरूप आहेत.

"पर ह्ये कारखानीस एवढं कमी का? सबनीस तरी ऐकलंय."

"एका किल्ल्यावर कारखानीस असून असून किती असणार, अक्का? बाकी शिबंदी शेकड्यांनी. आणि महाराजांच्या काळात ही पगारी नोकरी, बदलीची. बापानंतर पोरगा असं नव्हतं. पुढं पेशवाईत हुद्दे घराण्यात चालत राहिले, तेव्हा हुद्द्याची आडनावं पक्की चिकटली. बहुतेक कारखानीस सीकेपी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू."

"म्हंजे बामन?"

"नाही हो. काल दुपारी जिन्यात वास कसला आला?"

"सोड्याचा!" दोघी एकदम म्हणाल्या. सोड्याची खिचडी आणि वालाचं बिरडं यांच्याइतका पक्का जातीचा दाखला तहसीलदारही देत नाही. मग पाचएक मिनिटं सोडे कुठले चांगले, अलिबागचे की मुरूडचे, यावर गेली. अक्का माळकरी, त्यांनी नाक मुरडलं, पण उठल्या नाहीत.

"प्रभूंकडंच हे काम का, तर तीही महाराजांची हुशारी," मी गाडी रुळावर आणली. "कृष्णाजी अनंत सभासदानं 1697 च्या सुमारास जिंजीला बसून बखर लिहिली, त्यात ही व्यवस्था आहे. किल्ल्यावर हवालदार मराठा, त्याच्याकडे किल्ल्या. सबनीस ब्राह्मण, त्याच्याकडे हजेरी आणि कागदपत्रं. कारखानीस प्रभू, त्याच्याकडे कोठार आणि रोजचा जमाखर्च. एकानं फितूर व्हायचं म्हटलं तरी बाकीचे दोघं डोळ्यांत तेल घालून बसलेले."

"ह्ये म्हंजे तुमच्या सोसायटीची कमिटीच की," अक्का म्हणाल्या. "चेरमन, शेक्रेटरी, खजिनदार."

"आमचे तिघं एकाच पार्किंगमध्ये बसून चहा पितात, ती अडचण आहे," वहिनी म्हणाल्या. उन्हाळ्यातल्या टँकरचा हिशोब अजून नोटीस बोर्डावर लागलेला नाही, हे त्यांनी न बोलताही सगळ्यांना समजलं.

मी चाकणचा किल्ला सांगितला. संग्रामदुर्ग. आज तिकडे जाणारा माणूस ट्रकच्या रांगेत अडकतो आणि कंपन्यांच्या पाट्या वाचतो; किल्ला भर गावात आहे हे पुष्कळांच्या गावीही नसतं. 1660 साली शाएस्ताखानानं त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी भर पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने तो भुईकोट झुंजवला. मोगलांनी भुयार खणून बुरूज सुरुंगानं उडवला तेव्हा कुठं हातात आला. तलवारी तर चालल्याच, पण आत कोंडलेल्या माणसांना दोन महिने रोज खायला घालायचं म्हणजे कणगीत किती उरलं, आज किती काढायचं, उद्या किती कमी करायचं, हे कुणी तरी दिव्याशी बसून लिहीत असणारच. पोवाड्यात त्याला जागा नाही. चाकणच्या कंपन्यांत आज त्याला स्टोअर्सवाला म्हणतात, आणि त्याच्याही नावानं पोवाडे कोणी गात नाही, उलट नट-बोल्ट कमी पडले की शिव्या तेवढ्या त्यालाच.

"ह्यांच्यात कुनी मोठं झालं का न्हाय मग?" अक्कांना आडनावाची पत ठरवायची होती.

"झालं ना. महाराष्ट्र नाटक मंडळीचे त्र्यंबक सीताराम कारखानीस. कंपनीला दिग्दर्शनाची शिस्त लावणारा माणूस. खाडिलकरांचं कीचकवध 1907 मध्ये याच मंडळीनं रंगभूमीवर आणलं. लोकांना कीचकात कर्झन दिसला आणि 1910 मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली."

"आपल्या निळू फुले नाट्यगृहात त्यांचा फोटो लावला पायजे मग," वहिनी म्हणाल्या. हे मला पटलं.

तेवढ्यात खुद्द कारखानीस गाडी लावून वर निघाले. अक्कांनी भिंतीवरूनच हाक मारली, "अवो भाऊ, हिशोब लिवायला येतो का तुमाला?" ते गोंधळले. "थोडाफार... एक्सेलमध्ये," म्हणाले, आणि लिफ्टकडे सटकले.

"बगा!" अक्का आमच्याकडे वळल्या. "रक्तात हाय. रविवारी मीटिंग हाय न्हवं तुमची? टँकरचं खातं द्या त्याच्याकडं."

"ते भाडेकरू आहेत, अक्का. कमिटीत घेता येत नाही."

"किल्ला काय कारखानिसाच्या मालकीचा व्हता का?"

यावर मला आणि वहिनींना उत्तर सुचलं नाही. तोवर अक्का कुरडया झाकून, समोरच्या किराणा दुकानात ही बातमी पोचवायला निघालेल्या होत्या.