शिळ्या उत्तराची मुदत

सर्व्हरवरील मजकूर बदलूनही पडद्यावर जुनेच उत्तर बिनदिक्कत हजर होते, तेव्हा प्रोग्रामर प्रथम सहकाऱ्यावर व मग ग्रहमानावर संशय घेतो. मधल्या प्रॉक्सीने मात्र ‘एज’ या हेडरात, हे उत्तर मुळातून निघून किती सेकंद लोटले, याची लेखी कबुली केव्हाच दिलेली असते. सर्व्हरने मुदतीचा स्पष्ट हुकूम दिला नसेल, तर उत्तरे साठवून ठेवणाऱ्या कॅशेला अंदाजाची मुभा आहे, आणि २०२२ सालच्या आरएफसी ९१११ या कॅशेविषयक मानकात शेवटच्या बदलानंतर लोटलेल्या काळाच्या १० टक्के हे प्रमाण सुचविले आहे. म्हणजे १०० दिवस ज्या कागदाला कोणी हात लावला नाही, तो आणखी १० दिवस ताजा! निष्क्रियतेलाच विश्वासार्हतेचे प्रमाणपत्र देणारा हा कायदा रचणाऱ्यांनी एखाद्या कचेरीत उमेदवारी केली असावी. ‘कॅशे-कंट्रोल’ची एक ओळ लिहिल्यास हा कारभार आटोपतो; पण रिफ्रेशचे बटण अधिक जोराने दाबण्यात जे समाधान आहे, ते तीत कोठून यावे?