माऊलींच्या वयाची मुलं

एकादशीच्या सकाळी थोरल्याने खिचडीचा दुसरा घास घेतला आणि जाहीर केलं, की हे ताट दक्षिण अमेरिकेतून आलेलं आहे.

आजीने आधी ताटाकडे पाहिलं, मग सुनेकडे. सून म्हणाली, साबुदाणा कोपऱ्यावरच्या वाण्याकडचाच आहे. पण थोरला ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा, बटाटा पेरूचा, शेंगदाणा त्याच खंडातला, मिरचीही तिकडचीच. रताळ्याचा कीस मागच्या एकादशीला झाला होता, तेही परदेशी. पोर्तुगीज आले नसते तर उपवासाच्या ताटात तूप, जिरं आणि मीठ एवढंच उरलं असतं. कोलंबस निघाला १४९२ साली आणि ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. म्हणजे खुद्द माऊलींनी साबुदाण्याची खिचडी डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाही.

“मग ते काय खायचे एकादशीला?” आजीने विचारलं.

“काहीच नाही. उपवास म्हणजे काही न खाणं, आजी.”

“बरं झालं सांगितलंस,” म्हणत आजीने त्याच्यासमोरची ताटली उचलली.

हे घर दिघीतलं. पुणे-आळंदी रस्त्यावरचं. ज्येष्ठ वद्यात माऊलींची पालखी आळंदीहून निघते आणि पुण्याकडे जाताना याच रस्त्याने जाते, त्यामुळे इथल्या घरात गळ्यात तुळशीची माळ असणं यात विशेष काही नाही. बाबा माळकरी, आजी त्यांच्याहून कडक, आई दोघांच्या आणि दोन मुलांच्या मधे. थोरला एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. धाकटी सोळाची, अकरावी सायन्सला. नावं सांगायची गरज नाही. हेच घर नांदेडला आहे, सोलापूरला आहे, डोंबिवलीत तर एकेका मजल्यावर दोन दोन असतील.

अशा घरातल्या आईवडिलांची एक पंचाईत असते. मुलं बिघडली म्हणावीत तर ती बिघडलेली नसतात. पाया पडतात, चपला दाराबाहेर काढतात, प्रसाद उजव्या हातातच घेतात. फक्त प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारतात. बटाटा चालतो तर भेंडी का नाही? वरीचे तांदूळ चतुर्थीला चालतात आणि एकादशीला नाहीत, ते का? वर्षात चोवीस एकादश्या, अधिक महिना आला की सव्वीस, म्हणजे ही चौकशी वर्षातून किमान चोवीस वेळा.

गंमत अशी, की उपवासाला नावं ठेवणारा थोरला एरवी स्वतःच उपाशी असतो. जिममधल्या कुणीतरी त्याला सोळा-आठचं वेळापत्रक दिलंय: रात्री आठला जेवण संपवायचं ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाणी आणि बिनदुधाची कॉफी. हा नियम तो इतका कडक पाळतो, की आजीच्या सोवळ्याला मागे टाकेल. मोडतो फक्त एकादशीला, कारण त्या दिवशी सकाळी आठ वाजता खिचडीचा वास येतो.

जिमने आणखी एक प्रकरण घरात आणलं, ते प्रोटीनच्या डब्याचं. माळकऱ्याच्या घरात अंड्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून पावडर. डबा आला, त्याची किंमत ऐकून बाबा खाली बसले. मग चष्मा लावून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली, आत काही अभक्ष्य नाही ना याची खात्री केली. ‘व्हे’ म्हणजे दूध फाटल्यावर जे पाणी उरतं, त्याची वाळवून केलेली भुकटी, असं थोरल्याने समजावून सांगितलं. आजी देवघरातून ऐकत होती. “निवळी?” ती म्हणाली. “पनीर केल्यावर मी कणीक मळायला घेते ती निवळी? तिचे हजारो रुपये?” त्यानंतर घरात पनीर झालं की ती निवळी पेल्यात गाळून त्याच्या टेबलावर ठेवते. तो पितो. डबा मात्र संपला की नवा येतोच.

बाबांचा राग हा घरातला ठरलेला कार्यक्रम, पण परवाचा जरा वरच्या दर्जाचा झाला. जुना कूलर आळंदीच्या एका धर्मशाळेला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पुण्यकर्म म्हणून सकाळपासून चेहरा प्रसन्न. थोरल्याने विचारलं, “चालतो का तो?” बाबा काही बोलले नाहीत. “पंपाचं काय झालं मग?” बाबांनी दोरी आवळली. “बंद पडलेली वस्तू दान कशी होते, बाबा?” तिसऱ्या प्रश्नाला बाबा कडाडले, “मसणात जा!”

आता हा प्रसंग जसाच्या तसा कठोपनिषदात आहे, हे बाबांनाच ठाऊक असायला हवं, कारण त्या उपनिषदावरची प्रवचनं ते कारमध्ये लावतात. वाजश्रवस यज्ञात गायी दान देत होता. गायी कसल्या, तर शेवटचं पाणी प्यालेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या. पोरगा नचिकेता पाहत होता. मला कुणाला देणार, असं त्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारल्यावर बाप म्हणाला, मृत्यूला देतो. दिघीतला बाप मराठीत तेच म्हणाला. नचिकेता खरोखर यमाच्या दारी गेला आणि तीन रात्री उपाशी बसला. थोरला टपरीवर गेला, दोन वडापाव खाऊन साडेदहाला परत आला. नचिकेत्याने यमाकडे जे तीन वर मागितले, त्यातला पहिला आत्मज्ञानाचा नव्हता. वडिलांचा राग शांत व्हावा, हा होता. उपनिषदं लिहिणाऱ्यांच्या घरी वाढत्या वयाची मुलं असावीत, असा संशय घ्यायला इथे जागा आहे. कूलर दुरुस्त करून दिला गेला. खर्च आईच्या भिशीतून.

संध्याकाळी सातला हरिपाठ. अभंग सत्तावीस, आजीच्या गतीने अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. मुलांनी बसावं ही सक्ती नाही, फक्त बसली नाहीत तर आजी जेवताना बोलत नाही. धाकटीला सत्तावीसच्या सत्तावीस पाठ आहेत, पण ती ते दीडपट वेगाने म्हणते, कारण रसायनशास्त्राचे व्हिडिओ ती त्याच वेगाने बघते आणि आता तिला सरळ गतीने काही ऐकवत नाही. ती संपवून आजीसाठी थांबते. आजी याला उद्धटपणा म्हणते. खरं तर तिलाही वेग हवाच असतो, आठला तिची मालिका असते.

एकदा थोरल्याची इंटर्नशिपची ऑनलाइन मुलाखत नेमकी सातला आली. दार लावलं, खिडकी लावली, आवाज गाळणारं बटण दाबलं. सॉफ्टवेअरने टाळ गाळले, कुकरची शिट्टी गाळली, पण आजी काही गाळता आली नाही; माणसाचा आवाज राखायचा, हेच तर त्याचं काम. समोरच्या बाईंनी दोन अभंग ऐकून घेतले आणि घरी कार्यक्रम आहे का, असं विचारलं. थोरला म्हणाला, “रोजचाच.” काम मिळालं. आजीच्या हिशेबात ते कुणामुळे मिळालं, हे विचारायची सोय नाही.

धाकटीचं भांडण वेगळ्या जातीचं. महिन्यातले ते चार दिवस देवघराला हात लावायचा नाही, हा नियम आईने पाळला, आत्याने पाळला. धाकटीने पाळणार नाही म्हणून सांगितलं. घरात दोन दिवस स्मशानशांतता. मग ती बाबांच्या कपाटातून संतांची गाथा काढून आजीपुढे घेऊन बसली. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, चौदाव्या शतकातल्या. सगळा विटाळ देहातूनच येतो, तर विटाळाविना असलेला देह मला दाखवा, अशा अर्थाचा सवाल त्यांनी आपल्या अभंगात केलेला आहे. आजीने चष्मा पुसून तो दोनदा वाचला. “सोयराबाई संत होती. तू आहेस का?” एवढं बोलून गाथा मिटली. निकाल लागला नाही. पण तेव्हापासून आजी विचारत नाही, धाकटी सांगत नाही आणि फुलांची परडी कुणी कुणाच्या हातात दिली हे आई पाहत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत ही सुधारणा अशाच पद्धतीने झाली आहे. ठराव कुठेही नाही, अंमलबजावणी चालू.

बंद दार हा या वयाचा मुख्य विधी. सेमिस्टरचा निकाल लागला, त्यात थोरल्याचा एम-थ्री उडाला. इंजिनिअरिंगच्या गणिताचा हा तिसरा पेपर ज्यांनी दिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. बॅक लागली म्हणून तो एवढा खचला नव्हता, पण जिन्यात भेटलेले काका “काय, किती राहिले?” म्हणाले आणि हा घरात येऊन कडी लावून बसला. आईने दार वाजवलं. बाबांनी कठोर आवाजात एक ते तीन आकडे मोजले, पण तीननंतर काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. आजी दाराशी उभी राहून ताटीचे अभंग आठवू लागली.

आठवण अगदी बरोबर होती. भिक्षेला गेलेल्या ज्ञानदेवांचा कुणीतरी अपमान केला, ते खोपीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभं राहून त्यांना समजावलं. ताटीचे अभंग ते हेच. परंपरेने सांगितलेली जन्मवर्षं धरली तर ज्ञानेश्वरी सांगताना ज्ञानदेव पंधरा वर्षांचे, त्यांचे गुरू असलेले थोरले बंधू निवृत्तिनाथ सतराचे, सोपानदेव तेराचे आणि मुक्ताबाई अकराची. नेवाशाला त्या वेळी जे चाललं होतं, ते आजच्या हिशेबाने सहावी ते बारावीतल्या मुलांचं काम. ज्या घरात या पंधरा वर्षांच्या मुलाला रोज ‘माऊली’ म्हणून हात जोडतात, त्याच घरात एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘तुला काय कळतंय’ असं दिवसातून दोनदा ऐकवतात, हे धाकटीच्या लक्षात आलेलं आहे.

दार शेवटी तिनेच उघडवलं. ती म्हणाली, “दादा, माझा चार्जर आत आहे.” कडी निघाली. मागोमाग वाटीत शिरा घेऊन आई आत शिरली.

बाबांना माऊली म्हणणं येत नाही असं नाही. आषाढी वारीत ते सुट्टी काढून दिंडीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतात. दिवे घाट चढायचा, दिवसभरात ३० किलोमीटरच्या वर पायपीट. मागच्या खेपेला थोरलाही आला. भक्तीने की व्हिडिओ काढायला, हे त्याने स्पष्ट केलं नाही. वारीत वयाचा हिशेब नसतो. समोरचा वाकला की आपणही वाकायचं. घाटाच्या पायथ्याशी विसाव्यात सत्तरीचे एक बुवा थोरल्याच्या पाया पडले. तो इतका गडबडला, की रेकॉर्डिंग सुरूच राहिलं. मग ओळीने सगळे एकमेकांच्या पाया पडत पुढे सरकले आणि बाबा त्याच्यासमोर आले. तो वाकला. बाबाही सवयीने वाकले. दोघांची टाळकी आपटली. “माऊली,” बाबा म्हणाले, कपाळ चोळत. हा व्हिडिओ त्याने कुठेही टाकलेला नाही, आईला तेवढा दाखवला. घरी आल्यावर ओला टॉवेल पलंगावर दिसला आणि माऊलीचा पुन्हा गाढव झाला.

सध्या आईची अडचण संबोधनाची आहे. स्वयंपाकघरातून ती त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जेवायला ये’ लिहिते, कारण कानात हेडफोन असतात. पण आधी काय लिहायचं? लहानपणीचं लाडाचं नाव लिहिलं तर मित्रांपुढे लाज, नुसतं ‘अरे’ लिहिलं तर तो विचारतो, रागावलीस का. ही अडचण चांगदेवांनाही आली होती. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले, पण वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं की ज्ञानाने मोठे म्हणून तीर्थरूप, हे ठरेना. शेवटी कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षं जगून योगी कोरा तो कोराच, असं मुक्ताबाई म्हणाली, ही कथा घरोघरी माहीत आहे. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल पाठवलेल्या ६५ ओव्या म्हणजेच ‘चांगदेव पासष्टी’. आईने त्या दिवशी नुसता ताटाचा फोटो पाठवला. उत्तर आलं: अंगठा.

आणि बाबांचं हुकमी वाक्य आहे, “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी.” चौदाशे पावसाळे पाहिलेल्या चांगदेवांनी पुढे गुरू केलं ते मुक्ताबाईला, एका शेंबड्या वयाच्या मुलीला. धाकटीने गाथेत अजून तिथवर वाचलेलं नाही. तेव्हा वाचकांना हात जोडून विनंती, की बारावीची परीक्षा होईपर्यंत हे तिला कुणी सांगू नये.