भिडत नाही

सरांचा उजवा हात छातीवर गेला की मला कळतं, कथा गेली. खिशातल्या पेनाच्या जरा खाली तो हात थांबतो, डोळे मिटतात आणि सर म्हणतात, "तसं सगळं बरंय. पण भिडत नाही."

सर नांदेडचे, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. लोह्यापासून मुखेडापर्यंतच्या नवोदितांच्या कथा त्यांच्या टीपॉयवर असतात, सरकारी दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या पेशंटांसारख्या. फी नाही. उलट सरांच्या बाई मुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा देतात. माझ्या दोन-तीन कथा तर केवळ त्या बशीच्या ओढीनं पूर्ण झाल्या, हे कबूल केलं पाहिजे.

प्रश्न एवढाच, की भिडणं म्हणजे काय? कोश उघडला तर लागून असणं हेही भिडणं आणि लढाईत तुटून पडणं हेही भिडणं. आमच्याकडं हेले भिडतात, बांधावरून सख्खे भाऊ भिडतात, लोह्याच्या अलीकडं टिप्पर आणि टेम्पो समोरासमोर भिडतात. यातलं नेमकं काय माझ्या कथेनं सरांच्या बाबतीत करावं? मी आधी दुसरा अर्थ धरला आणि पुढच्या कथेत बांधावर कुऱ्हाड आणली. सर म्हणाले, "भिडायलीय, पण वरवर."

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. मी लगेच त्यावर कथा लिहिली. घागर, रांग, रांगेत म्हातारी, काही म्हणता काही सोडलं नाही. सरांनी डोळे मिटले. "रेल्वे भिडते. म्हातारी नाही." मी म्हातारी काढली. पंधरा दिवसांनी सर म्हणाले, "आता रेल्वेही भिडंना."

शेवटी एसटीनं अहमदपूरमार्गे लातूर गाठलं. तिथं माझा मित्र क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मार्कांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या गावातला माणूस. त्याच्यापुढं कोणतंही दुःख मांडा, तो आधी पेपर किती मार्काचा ते विचारतो. गंजगोलाईत चहा घेता घेता त्यानं सगळं ऐकून घेतलं. "भिडणं किती मार्काला आहे? स्टेपचे मार्क देतात का?" म्हटलं, नाही, थेट निकाल. "मग मॉडेल आन्सर?" तेही नाही. तो विचारात पडला आणि म्हणाला, "बघ, कॉन्टॅक्टला दोन बॉडी लागतात. दुसरी सोफ्यावरून हलतच नसंल तर तुझी एकटी किती सरकणार?"

हे मला पटलं. पण सरांना सांगणार कसं? नांदेडला परतल्यावर मी एवढंच विचारलं, "सर, कोणत्या पानावर सुटली ते तरी सांगा."

"अरे, असं पान नसतं रे. भिडणं आतून येतं," सर म्हणाले आणि हात छातीवर गेला.

तेवढ्यात खरंच आतून आवाज आला. बाई विचारत होत्या, "ॲसिडिटीची गोळी घेतली का?"

सरांच्या बैठकीत नरहर कुरुंदकर गुरुजींचा फोटो आहे. गुरुजी नांदेडच्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. 'धार आणि काठ'मध्ये त्यांनी मराठी कादंबरी तपासली ती कारणं देऊन. कारण समोर असलं की वाद घालता येतो; म्हणजे त्यांच्याशी भिडता येत असे. छातीवरच्या हाताशी वाद कसा घालणार?

शब्द खोटा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लातूरजवळच्या काटगावच्या रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' १९७१ साली आली. शिंप्याच्या बायकोनं आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट. मी ती वाचत होतो तेव्हा स्टोव्हवरचं दूध उतू गेलं आणि वास आला तरी उठलो नाही. पण का, ते मी सांगू शकतो: ती बाई बोलते आणि लेखक मध्ये कुठं दिसतच नाही. सरांनाही कारण सांगता येत नाही असं नाही. २०२२ च्या एप्रिलात उदगीरला ९५ वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष भारत सासणे, म्हणजे हाडाचे कथाकार. सर जाऊन आले. "कसं झालं?" विचारलं, तर म्हणाले, "ऊन भिडलं." इतका नेमका अभिप्राय माझ्या वाट्याला कधी आला नाही.

गेल्या दिवाळीत सरांनी स्वतः कथा लिहिली. ४२ पानं. माझ्या हातात देत म्हणाले, "मोकळेपणानं सांग." तिसऱ्या दिवशी फोन, चौथ्या दिवशी दोन फोन. पाचव्या दिवशी मी गेलो, सोफ्यावर बसलो, आणि माझा हात आपोआप खिशातल्या पेनाखाली गेला. मोठ्या कष्टानं तो खाली घेतला.

"सर, भिडली. पण १७ व्या पानावर सुटली."

सर बराच वेळ गप्प होते. मग चष्मा शोधत म्हणाले, "कोणत्या ओळीला?"

मी ओळ दाखवली. त्या दिवशी नुसता चहा मिळाला.