नऊ पॉइंट चार

ओसरीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरतात. टेप लावून मोजले आहेत. गोठ्यात आता जनावर नाही; भिंतीशी रेती भरलेली लोखंडी पेटी आहे आणि पेटीपुढं कार्ड. मी ओसरीवरून एअर रायफलचा छर्रा मारतो आणि तो कुठं लागला हे पाहायला चालत जातो. या चालण्याबद्दल माझी तक्रार एकच आहे. चालताना मी नेमबाज दिसत नाही. पायात स्लीपर, अंगात बनियन, कार्डाला नाक लावून उभा असलेला जिल्हा परिषदेचा मास्तर दिसतो. आणि आमच्या आंजीत कंपाउंडवरून डोकावणारे काही कमी नाहीत.

स्पॉटिंग स्कोप असता तर? तिवईवर दुर्बिणीची ती लांब काळी नळी. मी छर्रा मारणार, मान जराशी कलती करणार, नळीला एक डोळा लावणार आणि "हं" म्हणणार. त्या "हं"साठी तीसेक हजार रुपये घालायची माझी तयारी झाली होती. तांत्रिक कारणं मग मागाहून गोळा केली.

८० मिलिमीटरचं भिंग, २० ते ६० पट मोठं दाखवण्याची सोय. ५० मीटरवरचं टार्गेट २० पटीनं पाहिलं तर ते अडीच मीटरवर येऊन उभं राहतं. हे वाचून मी हरखलो आणि तोच भागाकार माझ्या दहा मीटरला लावला. अर्धा मीटर आला. म्हणजे आज जिथं मी फुकट चालत जाऊन उभा राहतो, तिथंच तीस हजार मोजून पोचणार. त्यातून कित्येक स्कोपना इतक्या जवळचं धड दिसतही नाही. तरी नागपूरच्या एका दुकानदाराला फोन लावला. त्यानं विचारलं, "रेंज किती मीटरची?" मी म्हटलं, "दहा." पलीकडं जरा शांतता. मग तो अगदी आदरानं म्हणाला, "सर, चष्म्याचा नंबर कधी तपासला होता?"

हे वेड तसं नवंच. १ ऑगस्ट २०२४ला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक मारलं, ४५१.४ गुण. या प्रकारात भारताचं ते पहिलंच पदक. ऑलिंपिक पॅरिसचं, पण नेमबाजी शातोरू नावाच्या गावाला होती, हेही मी तेव्हा गावभर सांगत फिरलो. पोरगा कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, नोकरी मध्य रेल्वेत, तेव्हा तिकीट तपासनीस. आणि वडील शिक्षक! इथं मी खुर्चीत सरळ बसलो. तेही शिक्षक, मीही शिक्षक. फरक एवढाच की त्यांनी २००९ साली पोराला क्रीडा प्रबोधिनीत घातलं आणि मी पन्नाशीनंतर स्वतःला गोठ्यात.

आमचा वर्धा जिल्हाही या छंदाला मोठा सोयीचा. सेवाग्राम इथलंच, सगळीकडं दारूबंदी, आणि पुलगावला देशातलं सगळ्यात मोठं दारूगोळ्याचं भांडार. शेजारच्या आळीतले खादीधारी काका दोनदा म्हणून गेले, "बापूंच्या जिल्ह्यात बंदूक, मास्तर?" मी म्हटलं, "कागदावर मारतो जी." ते म्हणाले, "कागदाले तरी लागते का?"

सौ.नं वेगळाच मुद्दा काढला. धाम नदीच्या अंगाला आमची थोडी तूर आहे आणि त्या तुरीत रोही आणि रानडुकरं आमच्याहून जास्त वेळ असतात. मी म्हटलं, स्कोप घेतला तर ओसरीवरून शेत दिसेल, रोही आले की लगेच कळेल. ती म्हणाली, "कळल्यावर काय करान? नऊ पॉइंट चार म्हणान?" कुसाळेची फायनल तिनं माझ्या शेजारी बसून पाहिली होती, तेव्हापासून तिचा दशांश अपूर्णांक पक्का झाला आहे.

खरं सांगायचं तर माझी नेमबाजी गोठ्यात सुरू झालेली नाही. ती घोराडच्या यात्रेत झाली, केजाजी महाराजांच्या. आता विषय निघालाच आहे तर फुगेवाल्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाववणार नाही. ज्यांना फक्त दुर्बिणीत रस आहे त्यांनी तोवर चहा घेऊन यावं.

फुगेवाल्याकडं फळीवर ओळीनं फुगे टांगलेले असत, पुढं आडवं बाकडं, बाकड्यावर दोन-तीन एअर गन. सगळ्यांच्या नळ्या थोड्याथोड्या वाकड्या. कुठली किती आणि कुणीकडं वाकडी, हे जगात फक्त फुगेवाल्याला ठाऊक. तुम्ही लाल फुग्यावर नेम धरायचा, निळा फुटायचा, आणि मागं उभे असलेले लोक म्हणायचे, "वा!" कारण तुम्ही लालवर धरला होता हे त्यांना कुठं माहीत? कुणी चुकला की फुगेवाला आकाशाकडं पाहून म्हणे, "हवा आहे भाऊ." पुढं वाचनात आलं की ५० मीटरवरचे मोठमोठे नेमबाज वाऱ्याच्या झेंड्यांवर नजर ठेवून असतात आणि चुकलं की तेही हेच म्हणतात. मग फुगेवाला स्वतः बंदूक उचलायचा, बोलता बोलता, न पाहिल्यासारखं करून तीन फुगे ओळीनं उडवायचा. आम्ही पोट्टे थक्क. त्याच्या हातात जादू नव्हती, वाकडेपणाचा हिशेब होता.

लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत मी सौ.ला तिथं घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचंच, मी ज्यावर नेम धरला तोच फुगा फुटला, आणि एकामागून एक फुटत गेले. ती हसत होती. त्या यात्रेवर मी पुढं कितीतरी वर्षं जगलो. शाळेत, सोयऱ्यांत, पोळ्याच्या दिवशी बैलांपुढंसुद्धा सांगितलं. परवा स्कोपचा वाद रंगात आला तेव्हा मी पुन्हा ती यात्रा काढली. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यानं बंदूक बदलली होती."

"कोणती?"

"तुमच्या हातातली. नवं जोडपं दिसलं की तो मागच्या खुंटीवरची काढून देई. सरळ नळीची. मी पाह्यलं ना."

इतकी वर्षं हे तिनं पोटात ठेवलं होतं. मी काही बोललो नाही. त्या फुगेवाल्याला काय मिळत असेल यातून? चार फुगे जास्त फुटायचे, नुकसान त्याचंच. तो आता कुठं असेल देव जाणे. असो, चहा प्यायला गेलेले परतले असतील.

गोठ्यातली खरी नेमबाज माझी पुतणी आहे. धाकट्या भावाची पोरगी, अकरावीत. मला मोठे बाबा म्हणते. शाळेकडून जिल्ह्याच्या स्पर्धेला जाते, तिथं मागून आणलेलं नेमबाजीचं जाकीट घालते. ते तिला खांद्यात ढिलं होतं आणि जाकीट ढिलं असलं की उभ्यानं मारताना त्याचा उपयोग अर्धाच. ती कार्ड दोन्ही बाजूंनी वापरते. मागच्या बाजूला कंपासनं वर्तुळं काढते. मी एकदा जुन्या लग्नपत्रिका दिल्या, तर म्हणाली, "याच्यावर कडा फाटतात, मोठे बाबा. भोक मोजता येत नाही." छऱ्याचं तोंड सपाट असतं ते याचसाठी, टार्गेटच्या कार्डाला तो गोल, स्वच्छ भोक पाडतो. साडेचार मिलिमीटरचं भोक आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान. भोकाची कड त्याला नुसती टेकली तरी दहा. संध्याकाळी ती पेटीतली रेती चाळते आणि चपटे झालेले शिशाचे छर्रे बरणीत भरून ठेवते, भंगारवाल्यासाठी.

तिचं एक आहे. छर्रा सुटला की जागची न हलता म्हणते, "नऊ. उजवीकडं, जरा खाली." मग जाऊन पाहावं तर नऊ, उजवीकडं, जरा खाली. ट्रिगर सुटला त्या क्षणी पुढच्या रिंगमध्ये काळा गोल कुठं होता, हे तिला दिसलेलं असतं. चांगला नेमबाज आधी सांगतो आणि मग पाहतो. स्कोप हवा तो त्यासाठी, आपण सांगितलेलं बरोबर होतं का ते पडताळायला. मी आधी पाहतो आणि मग सांगतो, तेही एखाद्या गुणाची भर घालून.

यात मला खरोखर चीड येते ती एका गोष्टीची. मी पन्नाशीत रायफल घेतली तेव्हा एकानंही विचारलं नाही, मास्तर, याचा उपयोग काय? हौस आहे, म्हणाले. पोरीला मात्र येता-जाता, "बंदूक शिकून काय करते? पोलिसात जाते का?" तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ला एशियाडचं सोनं आणलं, दोघी याच महाराष्ट्रातल्या, आणि तरी आमच्या पारावर हाच प्रश्न. आणि पैशाचं म्हणाल तर २०२४-२५ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. माझ्या "हं"ची किंमत चार क्विंटल कापूस. भावानं एकदाही तोंडानं काढलं नाही, पण त्याला गुणाकार येतो. चौथीपर्यंत मीच शिकवला आहे.

मग मी तिलाच विचारलं, घ्यावा का? तिनं मास्तरासारखं समजावलं. दहा मीटरला नको. ५० मीटरला हवा; .२२च्या गोळीचं भोक ५.६ मिलिमीटरचं, टार्गेटच्या काळ्या भागात लागलं तर इथून नुसत्या डोळ्यानं कोण पाहणार? पण ६० पट घेऊन आपल्याकडच्या मे महिन्यात फक्त झळा पोहताना दिसतात, २०-२५ पट पुष्कळ. भिंगाहून स्टँड महत्त्वाचा, झोपून मारताना खांदा न हलवता डोळा नळीला लागला पाहिजे. आणि मोठ्या स्पर्धांत टार्गेटच इलेक्ट्रॉनिक, बाजूच्या पडद्यावर गुण येतात, तिथं स्कोप पेटीतच राहतो. एवढं सांगून म्हणाली, "पुढं मला ५० मीटरला जायचं आहे. तेव्हा घ्या. दोघांना होईल." दोघांना, हे ती केवळ चांगल्या संस्कारांमुळं म्हणाली.

तोवर तिनं मला एक अट घातली आहे. प्रत्येक छऱ्यानंतर ओसरीवरूनच आकडा सांगायचा, ती वहीत मांडणार. दोन रकाने: "मोठे बाबा म्हणाले" आणि "लागला". दोन्ही जुळायला लागले की स्कोपचं पाहू. पहिल्या रकान्यात बहुतेक दहा आहेत, मध्ये कुठं विनय म्हणून नऊ. दुसऱ्या रकान्यावर मी पेपर ठेवून दिला होता, तो काल वाऱ्यानं उडाला आणि नेमका भाऊ चहाला आलेला. वही पाहून म्हणाला, "सात, सहा, सात, पाच... कापसाचे भाव लिहून राहिले का, दादा?"

मी म्हटलं, हो.

"लयच पडले बाप्पा," तो म्हणाला, आणि बराच वेळ हळहळला.