डबल ॲक्शनवाले काका

लग्नाच्या पंगतीत ज्यांच्या शेजारचं पान शेवटपर्यंत रिकामं राहतं, असे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. कुणी जुन्या संगीत नाटकांवर बोलतं, कुणी मूळव्याधीवर. आमच्या काकांचा विषय म्हणजे लष्करी रिव्हॉल्व्हर. तीही एकोणिसाव्या शतकातली, आणि त्यातही फक्त डबल ॲक्शन. खरं रिव्हॉल्व्हर त्यांनी उभ्या जन्मात हातात धरलेलं नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. हाताळलेलं सर्वांत घातक हत्यार स्टेपलर.

‘मूळ भानगड समजून घ्या,’ असं ते म्हणाले की पळवाट संपली. मूळ भानगड आंगठ्याची. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर गोळीला आंगठ्यानं मागे ओढावा लागे. चाप फक्त तो सोडायचा. हे सिंगल ॲक्शन. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सनं हे काम आंगठ्याकडून काढून बोटाकडे दिलं. एकच लांब ओढ, की घोडा उठतो, गोळ्यांचं चक्र फिरतं आणि बार उडतो. हे डबल ॲक्शन. हे सांगताना काका वरणभातावर आंगठा आणि तर्जनी अशी काही नाचवतात, की वाढप्याला वाटतं भात हवाय. तो वाढतो. काकांचं लक्ष नसतं.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्ट आणि ॲडम्स, दोघांचाही माल मांडलेला होता. काका ते असं सांगतात, की जणू हे मधल्या वाटेत पिशवी घेऊन उभे होते. ॲडम्सचं रिव्हॉल्व्हर पाचबारी आणि झपाट्याचं, पण चाप जड. ओढता ओढता नळी हलायची, नेम जायचा. कोल्टचा नेम चांगला, पण शत्रू अंगावर आला की आंगठा कुठं पुरणार? इथं काका थांबतात, पाणी पितात आणि त्यांच्या दैवताला बोलावतात: लेफ्टनंट फ्रेडरिक बोमाँट, रॉयल इंजिनिअर्स. या तरुणानं १८५६ मध्ये पेटंट घेऊन दोन्ही सोयी एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये बसवल्या. सवड असेल तर आंगठ्यानं घोडा चढवा आणि निवांत नेम धरा. गर्दी झाली तर नुसता चाप ओढा. ब्रिटिश सैन्यानं त्याच वर्षी ते स्वीकारलं. त्याच सुमारास कोल्टच्या लंडनच्या कारखान्याला टाळं लागलं, हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान येतं, की किल्ली यांच्याच खिशात असावी.

काकूंनीही या विद्येतून आपल्यापुरतं काढून घेतलंय. ‘अहो, यांचं सिंगल ॲक्शन,’ त्या म्हणतात. ‘दर कामाला आधी मागे ओढायचं, मग हे सुटणार. गप्पा मात्र डबल ॲक्शन.’

एनफील्डचा विषय निघाला की काकांचा आवाज पडतो. तिथल्या सरकारी कारखान्यानं १८८० साली ब्रिटिश सैन्याला रिव्हॉल्व्हर दिलं. उघडलं की रिकाम्या पुंगळ्या आपोआप पडाव्यात अशी योजना. सगळ्या पडत नसत. एखादी आत अडकून बसायची. ‘कमिटीनं केलेलं काम!’ काका म्हणतात आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बघतात. मग १८८७ मध्ये बर्मिंगहॅमचं वेब्ली आलं आणि सैन्य सुटलं.

काकांबरोबर ऐतिहासिक मालिका बघणं अशक्य. पडद्यावर १८५७ चा उठाव पेटलेला, नायिका हंबरडा फोडतेय, आणि काका ओरडतात, ‘वेब्ली! तीस वर्षं आधी? कुठून आणलं?’

गणपतीच्या बंदोबस्तातल्या एका फौजदारांनाही त्यांनी सोडलं नाही. कमरेकडे बोट दाखवून अदबीनं विचारलं, ‘साहेब, तुमचा चाप जड जातो का हो?’ फौजदारांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, ‘काका, रांग पुढं सरकवा.’

दिवाळीत नातवाचं टिकल्यांचं पिस्तूल त्यांच्या हाती लागतं. ‘बघ बाळा, चाप ओढला की घोडा आपला आपण उठतो. हा तुझा ॲडम्स!’ बाळ हात पुढे करून उभा राहतो. ॲडम्स समजावून होईतो टिकल्यांची अख्खी गुंडाळी संपलेली असते. मग आजोबा निमूटपणे खाली जाऊन नवी डबी आणतात, आणि तीही आधी स्वतःच फोडतात.

असे काका तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. त्यांना रशियाच्या १८९५ च्या नागाँ रिव्हॉल्व्हरबद्दल जरूर विचारा. झारच्या सैन्यात अधिकाऱ्यांना डबल ॲक्शन मिळे, शिपायांना सिंगल. शिपाई गोळ्या उधळतील ही भीती. हा किस्सा ते फार रंगवून सांगतात. कोल्टनं १८७७ मध्ये काढलेल्या आपल्या पहिल्या डबल ॲक्शनचं नाव मात्र काढू नका. त्याची यंत्रणा फार नाजूक, सारखी बिघडायची. काका ती एकेक स्प्रिंग धरून समजावतात, आणि तोवर मठ्ठा संपतो.