आधी यंत्राची जबानी घ्या

कडबाकुट्टीत हात गेला की गावात निकाल लागायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ‘लक्ष नव्हतं.’ ‘घाई नडली.’ ज्याची बोटं गेली त्याच्यावरच ठपका ठेवून लोक आपापल्या कामाला लागतात. हा शुद्ध अन्याय आहे.

वस्तू सुरक्षित कशा बनवाव्यात याचा अभ्यास करणारे इजेकडे असं बघत नाहीत. जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडलं, की सजीवाला इजा होते ती ऊर्जेमुळे. विल्यम हॅडन या डॉक्टरांनी तो विचार पुढे नेला. आज अभियंते तीनच गोष्टी तपासतात: ऊर्जा कुठे आहे, ती अंगापर्यंत कोणत्या वाटेने येते आणि अंगाला किती सोसवते. सोसण्यापलीकडची ऊर्जा पोचली की इजा. माणूस चुकणार, दमणार, हे त्यांनी आधीच धरलेलं असतं.

आता कडबाकुट्टी बघा. रोलर कडबा आत ओढतात. मूठ सोडायला क्षणभर उशीर झाला की बोटंही त्याच ओढीत सापडतात. रोलरला कडब्याचं ताट आणि मनगट सारखंच. मोटार बंद केली तरी पाती बसवलेलं जड चाक लगेच थांबत नाही. म्हणून तोंड लांब आणि वरून झाकलेलं हवं, हात रोलरपर्यंत पोचणारच नाही असं. रोलर उलटे फिरवायचा दांडा उभ्या जागेवरून हाताशी हवा. चाकावर जाळी हवी.

‘जाळी शेतकरीच काढून टाकतात,’ असं विक्रेते सांगतात. काढतात, कारण ती काढल्याशिवाय अडकलेला कडबा निघत नाही. अशी जाळी बनवली कुणी? फूड प्रोसेसरचं झाकण नीट बसल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. शहरातल्या ओट्यावर जमतं ते गोठ्यात का जमू नये?

असाच धोका असलेल्या मळणी यंत्रांसाठी देशात १९८३ पासून धोकादायक यंत्रांचा कायदा आहे. कागदावर आहे म्हणून हात वाचत नाहीत. बाजारात उघड्या तोंडाचं यंत्र विकणाऱ्याला कुणीतरी अडवावं लागतं.

पंचनाम्यात ‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी एवढं तरी नोंदवा: जाळी होती का, दांडा हाताशी होता का, आणि हे यंत्र कुणी बनवलं, कुणी विकलं.