डिस्क ठणठणीत असल्याचा दाखला

चहा घ्या आणि मला एवढंच सांगा, तुमच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क आणखी किती दिवस काढेल? नाही ना सांगता येत? मलाही नाही. राग त्याचा नाही. राग याचा, की हे सांगायला डिस्कच्या आत एक अख्खं खातं बसवलेलं आहे आणि त्या खात्यालाही ते सांगता येत नाही.

खात्याचं नाव 'स्मार्ट'. १९९५ साली कॉम्पॅकने आपली पद्धत एका समितीपुढे ठेवली, मग बाकीच्या कंपन्याही त्यात आल्या. समिती म्हटल्यावर आपण काय ते समजून घ्यायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक डिस्क स्वतःची रोजनिशी ठेवते. किती तास चालली, तापमान किती, किती सेक्टर खराब झाले, त्यांच्या जागी राखीव कोट्यातले किती लावले, सगळी नोंद आहे. नोंद ठेवणं हे तिचं काम. वाचणं तुमचं. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं, आणि इथूनच आपले भोग सुरू होतात.

क्रिस्टलडिस्कइन्फो घ्या. फुकट आहे, निळ्या चौकटीत 'गुड' असं लिहून येतं, मनाला बरं वाटतं. त्याची एक आवृत्ती तर अशी आहे की खिडकीत जपानी कार्टूनमधली एक मुलगी उभी असते. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते खालच्या तक्त्याबद्दल. '०५' क्रमांकाच्या ओळीत बदललेल्या सेक्टरांची संख्या असते. पुढे एका रांगेत शून्यं आणि शेवटी १०. तुम्ही म्हणाल, दहाच ना! नाही. सेटिंगला हात लावला नसेल तर तो आकडा सोळाधारी पद्धतीतला असतो, म्हणजे सेक्टर गेलेत सोळा. वाण्याने दहा किलो म्हणून सोळाचं वजन ठेवलं असतं, तर वैधमापन खात्याचा माणूस दुकानात आला असता. इथे कोण येणार?

बरं, त्याच ओळीत आणखी एक आकडा असतो. तो शंभर किंवा दोनशेवरून सुरू होतो आणि प्रकृती बिघडेल तसा खाली येतो. म्हणजे एकाच दुखण्याचा एक आकडा चढतो, दुसरा उतरतो. तो उतरून एका ठराविक मर्यादेला टेकला की डिस्क नापास. मर्यादा कोण ठरवतं? ज्याने डिस्क विकली तो. वॉरंटीत डिस्क बदलून द्यायची कोणी? त्यानेच. मला काही म्हणायचं नाही, तुम्ही सुज्ञ आहात.

स्मार्टमॉनटूल्स नावाचा दुसरा प्रकार आहे. जाणकार हाच वापरतात, कारण यात खिडकी नाही, बटण नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. एकंदर प्रकृती विचारली की उत्तर एका शब्दात, 'पास्ड'. खाली पानभर तपशील मागवता येतो, आणि त्यात वाचायला शिकवतात १९७ क्रमांकाची ओळ: संशयित सेक्टर, निर्णय प्रलंबित. पुन्हा त्या जागी काही लिहायची वेळ येईपर्यंत प्रकरण बहुधा तसंच पडून राहतं. ही कार्यपद्धती मला ओळखीची वाटली. १९९ची ओळ वाढली तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून केबलचा असतो. केबल बदला, आकडा वाढायचा थांबेल, पण उतरणार नाही. सर्व्हिस बुकात शेरा पडला तो पडला.

तिसरं एक सॉफ्टवेअर पैसे मागतं आणि टक्क्यांत बोलतं. माझ्या डिस्कला त्याने ९३ टक्के दिले. उरलेले सात कुठे कापले याचा खुलासा मागितला, तर तो सशुल्क आवृत्तीत मिळेल असं कळलं. म्हणजे एकच डिस्क एकाकडे गुड, दुसऱ्याकडे पास, तिसऱ्याकडे ९३ टक्के. आतून मात्र अधूनमधून कट्-कट् असा आवाज येतोय. त्याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

तुम्हाला वाटेल, माणूस उगाच कटकट करतोय. मग गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ साली काय मांडलं ते ऐका. त्यांनी आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्क तपासल्या. ज्या बंद पडल्या, त्यांतल्या ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर धोक्याच्या चारही प्रमुख खुणांपुढे शून्य होतं. कोरी पाटी. निम्म्याहून जास्त डिस्क या चारांपैकी एकही तक्रार न नोंदवता गेल्या. आणि आपण इथे सोळाधारी आकडे सोडवत बसलोय!

हे सगळं भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, सॉफ्टवेअर सोड, बॅकअप घे." घेतला. बाहेरून यूएसबीने जोडायची डिस्क आणली, आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब तिच्यात टाकले. आता हिची प्रकृती कशी आहे ते बघावं, तर तक्ता कोराच. डिस्क आतून माहिती देते, पण मधला यूएसबीचा सर्किट बोर्ड ती पुढे पाठवत नाही. आवक-जावक खिडकीतच अर्ज दाबून ठेवलेला!

भाच्याचं म्हणणं, दोनही पुरत नाहीत. नियम तीन प्रतींचा आहे, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे त्याच्याच घरी. ठीक आहे. तिसरी डिस्क त्याच्या ताब्यात दिली आहे आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत तिचा प्रकृती अहवाल, क्रमांक ०५ आणि १९७ अधोरेखित करून, माझ्याकडे सादर करावा असं त्याला लेखी कळवलं आहे. तीन प्रतींत.